आकाशातून दिसणारा मावळचा ताळेबंद
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी विश्वस्त मंडळाने मला पाचारण केले व विषय निवडण्याची मोकळीकही दिली, याबद्दल मी ऋणी आहे. कापडाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाने कृत्रिम उपग्रहांवर बोलावे, हे निमंत्रण पत्रिकेत वाचून अनेकांना नवल वाटले असेल. मी शास्त्रज्ञ नाही, भूगोलाचा अभ्यासकही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने ताळेबंद वाचता येतो आणि आयुष्यभर ठाण उलगडून दाखवल्यामुळे विणीची थोडी पारख आहे. एवढ्याच अधिकारावर आज बोलणार आहे. पृथ्वीकाय जीवांच्या विराधनेविषयी पूज्य महाराजसाहेब चातुर्मासात सविस्तर सांगत असतात. त्या क्षेत्रात मी पाऊल टाकणार नाही. मी हिशेबाचे बोलेन.

हिशेबाचे दोन मुख्य कागद असतात. नफा-तोटा पत्रक वर्षभराची मिळकत सांगते. ताळेबंद त्या दिवशी मुद्दल किती शिल्लक आहे ते सांगतो. मुद्दल खाऊन नफा दाखवणारी पेढी काही वर्षे मोठ्या दिमाखात चालते, हे आपणां व्यापारी मंडळींना सांगायला नको. आपल्या मावळ तालुक्याचे नफा-तोटा पत्रक गेली पंचवीस वर्षे उत्तम दिसत आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, तळेगावची औद्योगिक वसाहत वाढली, लोणावळा-खंडाळ्यातील हॉटेले वाढली, आणि जमिनीला वडीलधाऱ्यांनी स्वप्नातही न पाहिलेले भाव आले. या भरभराटीत आपल्या समाजाचाही वाटा आहे व तो अभिमानास्पद आहे. ताळेबंद मात्र कोणी मांडलेला दिसत नाही. तो मांडण्याचे साधन आता आकाशात फिरत असून त्याची पुष्कळशी चित्रे पाहण्यास एक पैसाही पडत नाही.

आमच्या धंद्यात पूर्वी भाताची मळणी आटोपली की पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळातील गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढे. उधारी असे, पण ती पिकावर असे, आणि पीक आले की फिटे. पुढे जमिनींचे व्यवहार सुरू झाले, तेव्हा त्याच घरांतून लग्नाच्या बस्त्यासाठी रोख रक्कम येऊ लागली. शालू, पैठणी, मानपानाच्या साड्या, फेटे, सगळे एका बैठकीत. आम्ही खूश होतो. परंतु असा मोठा बस्ता बांधलेल्या घरातील माणूस चार-सहा वर्षांनी मुलांच्या गणवेशासाठी उधार मागू लागला, हे मी एका नव्हे, अनेक घरांबाबत पाहिले. जमीन विकली जाणे हा या कथेचा एक भाग. विकलेल्या जमिनीचे पुढे काय होते, हा दुसरा. मला आज दुसऱ्या भागाविषयी बोलायचे आहे, कारण विकत घेणाऱ्यांत आपण आहोत.

भूमीचे निरीक्षण करणारा पहिला लँडसॅट उपग्रह अमेरिकेने १९७२ साली सोडला. आपला आय.आर.एस.-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी बैकानूर येथून अवकाशात गेला, आणि त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. म्हणजे मावळच्या डोंगरांची आज पन्नासहून अधिक वर्षांची चित्रे कोठे ना कोठे जपून ठेवलेली आहेत. द्रुतगती मार्गापूर्वीचा मावळ कसा होता, हे सांगण्यासाठी आता कोणाच्या आठवणीवर विसंबण्याची गरज नाही.

ही चित्रे समजून घेण्यास मला माझ्या धंद्यातील दोन शब्द उपयोगी पडले : पोत आणि पन्हा. कापडालाही पोत असतो आणि जमिनीलाही. मराठी भाषेने हा शब्द दोघांना दिला, हे मला फार आवडते. उपग्रहाचे चित्र बारीक चौकटींनी विणलेले असते. एका चौकटीत जे काही असेल, त्याचा मिळून एकच रंग उमटतो. आय.आर.एस.-१ए वरील एका कॅमेऱ्याची चौकट साडेबहात्तर मीटरची होती. म्हणजे सुमारे सव्वा एकराला एक टाका. २००३ साली गेलेल्या रिसोर्ससॅटवरील एका कॅमेऱ्याची चौकट ५६ मीटर, अर्थात एकतीस गुंठे, पण त्याचा पन्हा ७४० किलोमीटर. त्याच उपग्रहावरील दुसऱ्या कॅमेऱ्याची चौकट साडेतेवीस मीटर, म्हणजे साडेपाच गुंठे, तर पन्हा १४१ किलोमीटरचाच. रुंद पन्ह्याचा माल भरड आणि बारीक विणीचा माल अरुंद, हा नियम तेथेही आहे. युरोपीय देशांनी २०१५ पासून सोडलेल्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची चौकट दहा मीटरची आहे. दहा बाय दहा मीटर म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ नेमका एक गुंठा! आपल्या सातबाऱ्यावरील गुंठा आणि आकाशातील टाका अशा रीतीने जुळून आला आहे.

आता रंगाविषयी. सजीव हिरवे पान सूर्यप्रकाशातील तांबडा भाग शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त भाग मोठ्या प्रमाणात परतवते. उघडी माती तसे करीत नाही. या दोन प्रकाशांच्या फरकावरून प्रत्येक चौकटीला उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यानचा एक अंक देता येतो. दाट झाडी असेल तेथे अंक वर जातो, उघडा मुरूम किंवा कातळ असेल तेथे शून्याजवळ येतो. एकाच जागेचा हा अंक वर्षानुवर्षे त्याच महिन्यात मांडत गेले की ती जमीन कमावत आहे की गमावत आहे, हे खतावणीच्या पानासारखे दिसू लागते.

अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने अशाच चित्रांवरून संपूर्ण देशाच्या जमिनीच्या अवनतीचे नकाशासंग्रह तयार केले. २००३-०५ साली अवनत जमीन ९ कोटी ४५ लाख हेक्टर होती, २०११-१३ साली ९ कोटी ६४ लाख, आणि २०१८-१९ साली ९ कोटी ७८ लाख हेक्टर. देशाच्या एकूण भूमीपैकी हे जवळजवळ तीस टक्के होतात. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजस्थान येतो, आणि क्षेत्रफळात तो पहिला आहेही. परंतु त्याच्या खालोखाल आपला महाराष्ट्र आहे. अवनतीचे सर्वांत मोठे कारण वाराही नाही आणि वाळूही नाही, ते पाणी आहे. पाणी माती वाहून नेते.

लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेकडे तळेगावपर्यंत जाता जाता तो एकचतुर्थांशाच्या आसपास येतो. एवढ्या पावसात उतारावरची माती टिकून राहिली, ती दोन गोष्टींमुळे : वरची झाडी आणि खालची भातखाचरे. डोंगराच्या वरकस जमिनीत नाचणी-वरई होई आणि ती काही वर्षे पिकवून मग पडीक टाकत. खाली पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेल्या खाचरांचे बांध वाहून येणारी माती अडवत. खाचर हे पिकाचे शेत तर आहेच, पण ते माती साठवण्याची तिजोरीही आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली आंबेमोहोराच्या वंशातून ‘इंद्रायणी’ हे वाण दिले आणि आज ते मावळचे नाव घेऊन राज्यभर विकले जाते. त्या तांदळाचा सुगंध ज्या मातीतून येतो, ती पिढ्यान् पिढ्या बांधांनी अडवलेली माती आहे.

देशात सरासरीने दर हेक्टरी वर्षाला सुमारे सोळा टन माती वाहते, असा अंदाज मृदशास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडला होता. सोळा टन ऐकून आपण दचकतो. पण हेक्टरभर पसरली तर ही माती जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची भरते. एखाद्या जाड सोलापुरी चादरीएवढी. एवढी झीज शेतात उभ्या राहिलेल्या माणसाला दिसत नाही, म्हणून तर ती वर्षानुवर्षे चालू राहते. पंधरा वर्षांत पावणेदोन-दोन सेंटिमीटर गेले, आणि मावळच्या उतारावर मुळात वीतभर माती असेल, तर उरले काय, याचा हिशेब आपणच करावा.

यात नवी भर पडली ती डोंगर कापण्याची. उतारावर प्लॉट पाडायचे म्हणजे प्रथम जेसीबी लावून रस्ता काढायचा. आकाशातून हे रस्ते हिरव्या शालूवर खडूने मारलेल्या नागमोडी रेघांसारखे दिसतात. पुष्कळ वेळा प्लॉट विकले जातात, घरे होत नाहीत. केवळ रस्ते, गटारे व कुंपणे राहतात. त्या रेघांतून दर पावसाळ्यात मुरूम खाली येतो, खालच्या शेतकऱ्याच्या खाचरात बसतो, ओढ्यात बसतो. ज्याने प्लॉट घेतला त्याच्या वहीत मालमत्ता वाढली. ज्याच्या खाचरात मुरूम आला त्याचे पीक घटले. या दोन नोंदी एकाच व्यवहाराच्या आहेत, परंतु त्या एकाच वहीत येत नाहीत. उपग्रहाच्या एका चित्रात मात्र दोन्ही शेजारी शेजारी दिसतात.

ही चित्रे केवळ अभ्यासकांच्या कपाटात राहिली आहेत, असे कोणी समजू नये. त्यांच्यावरून आपल्या गावांचे भवितव्य ठरू लागले आहे. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली अहवाल दिला. त्यानंतर इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने २०१३ साली दुसरा अहवाल दिला. गाडगीळ समितीने सुमारे नऊ किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटी घेतल्या होत्या. एका चौकटीत वीस हजार एकर. कस्तुरीरंगन कार्यगटाने मी मघाशी सांगितलेली साडेपाच गुंठ्यांची वीण वापरली, आणि घाटाच्या १ लाख ६४ हजार २८० चौरस किलोमीटरपैकी ५९ हजार ९४० चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे ३७ टक्के क्षेत्र पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील ठरवले. ज्या गावाचे वीस टक्के वा अधिक क्षेत्र त्यात आले, ते संपूर्ण गाव यादीत गेले. केंद्र सरकारने पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये आणि सहावा ३१ जुलै २०२४ रोजी प्रसिद्ध केला. मावळातील अनेक गावांची नावे त्यात आहेत.

या यादीविषयी आपल्या मंडळींत पुष्कळ भीती पसरलेली मी पाहतो, आणि ती बहुतांशी कागद न वाचता आलेली आहे. मसुद्यात नव्या खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज प्रकल्प व लाल वर्गातील नवे कारखाने यांना बंदी आहे. वीस हजार चौरस मीटर व त्याहून मोठी बांधकामे, तसेच पन्नास हेक्टरांहून मोठ्या वसाहती यांनाही बंदी आहे. कोणाचे राहते घर, शेती वा किराणा दुकान त्यात जात नाही. माझी तक्रार वेगळी आहे. साडेपाच गुंठ्यांच्या बारकाईने पाहिलेले चित्र शेवटी संपूर्ण गाव या एका मापात बसवले, म्हणजे मलमल विणून तिचे पोते शिवल्यासारखे झाले. एकोणीस टक्के झाडी असलेले गाव बाहेर आणि एकवीस टक्के असलेले आत. पहिल्या गावातील ती झाडी उद्या तोडली तरी यादीला त्याचे सोयरसुतक नाही. गाडगीळ समितीची वीण भरड होती, पण अंतिम निर्णय ग्रामसभांच्या विचाराने व्हावा, हा तिचा आग्रह मला अधिक शहाणपणाचा वाटतो. बारीक चित्र आणि ग्रामसभा या दोन्ही गोष्टी एकत्र का आणता येऊ नयेत? शिवाराचे चित्र पाहून आमच्या मावळातील शेतकरी आपला ओढा, आपली देवराई, आपले गायरान क्षणात ओळखील.

आर्थिक प्रगती मोजण्यासाठीही उपग्रह वापरतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. रात्रीच्या दिव्यांचा उजेड मोजून एखाद्या प्रदेशाचा व्यवहार किती वाढला, याचा अंदाज बांधता येतो, असे अमेरिकेतील तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली एका गाजलेल्या लेखात दाखवले. जेथे आकडेवारी विश्वासार्ह नसते तेथे हे साधन उपयोगी आहे. मात्र मावळसारख्या ठिकाणी ते जपून वापरावे, असे माझे मत आहे. रात्रीच्या चित्राची चौकट पाऊण किलोमीटरची असते. त्यात कारखान्याचा दिवा, महामार्गाचा दिवा आणि शनिवार-रविवारपुरत्या उघडणाऱ्या बंगल्याचा दिवा सारखाच. उजेड दिसला म्हणजे धंदा आहे, एवढे कळते. पैसा गावात राहिला की दुसऱ्या दिवशी मुंबईला गेला, हे दिवा सांगत नाही. ते आमच्या दुकानातील उधारीची वही सांगते.

दिवसाचे चित्रही कधी कधी फसवते. मे महिन्याच्या उन्हात संपूर्ण डोंगर पिवळा पडलेला असताना एखाद्या रिसॉर्टची हिरवळ टँकरच्या पाण्यावर लखलखत असते. उपग्रहाच्या हिशेबात ती भाताच्या खाचरापेक्षा श्रीमंत. घाणेरीचे रान माजले तरी अंक वाढतो. उलट तळेगावच्या पुष्पोद्यानातील पॉलिहाऊसवर पांढरा प्लॅस्टिकचा कागद असल्यामुळे तेथे हिरवे काहीच दिसत नाही, वास्तविक आत परदेशी जाणारे गुलाब फुललेले असतात. म्हणून चित्र पाहून झाल्यावर प्रत्यक्ष जागेवर जाऊन खात्री करावीच लागते. माल नमुन्यावरून पसंत केला तरी ठाण उलगडून पाहतोच ना आपण?

दुसरी अडचण ढगांची. जून ते सप्टेंबर, म्हणजे माती नेमकी वाहते तेव्हाच, साध्या कॅमेऱ्याला मावळ दिसत नाही. त्यासाठी रडार लागते. त्याच्या लहरी ढगांतून पार जातात. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला व दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली, खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड आली. मृत व बेपत्ता मिळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. दोन्ही ठिकाणी आदिवासी वस्ती होती. माळीणच्या दुर्घटनेला अकरा वर्षे पूर्ण झाली त्याच तारखेला, ३० जुलै २०२५ रोजी, भारत व अमेरिका यांचा ‘निसार’ हा रडार उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला. तो बारा दिवसांनी त्याच जागेवर परत येतो आणि जमीन काही सेंटिमीटर सरकली तरी ते टिपू शकतो. ज्या डोंगराच्या पोटात आपण रस्ते खोदत आहोत, तो हलतो आहे की स्थिर आहे, हे विचारण्याची सोय यामुळे झाली आहे. विचारणारा हवा.

वाहून गेलेल्या मातीचा शेवटचा मुक्काम धरणात. १९७२ साली पूर्ण झालेल्या पवना धरणाचा उपयुक्त साठा साडेआठ टी.एम.सी. आहे आणि पिंपरी-चिंचवडची तहान त्यावर भागते. धरणाची पातळी ठाऊक असताना पाणी किती क्षेत्रावर पसरले आहे, हे उपग्रहाच्या चित्रावर मोजता येते. वेगवेगळ्या पातळ्यांची अशी मापे घेतली की पोटात गाळ किती बसला, हे पाण्यात न उतरता समजते. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था राज्यातील जलाशयांसाठी हे काम करते.

आता आपल्या उपयोगाचे. आपल्यापैकी अनेकांनी मावळात जमिनी घेतल्या आहेत, पुढेही घेतील. धर्मशाळा व आयंबिल भवनासाठी ट्रस्टलाही जागा लागणार आहे. व्यवहार करताना आपण सर्च रिपोर्ट काढतो, तीस वर्षांचे फेरफार पाहतो, वकिलाची फी देतो. मालकीचा इतिहास पाहतो, मातीचा पाहत नाही. माझी विश्वस्त मंडळास विनंती आहे की, ट्रस्टने यापुढे कोणतीही जागा घेण्यापूर्वी तिची किमान वीस वर्षांची चित्रे काढून ठरावासोबत जोडावीत. उतार किती, वर झाडी होती की नाही, पूर्वीचा ओढा बुजवलेला आहे काय, आणि आपण खोदले तर मुरूम कोणाच्या खाचरात जाईल, हे त्यावरून पाहावे. इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ २००९ पासून सर्वांना खुले आहे, लँडसॅटची जुनी चित्रे २००८ पासून विनामूल्य मिळतात, सेंटिनेलचीही मिळतात. आपल्या घरातील महाविद्यालयीन मुले-मुली हे काम एका दुपारी शिकतील.

चित्रे ताडून पाहताना नेहमी एकाच महिन्याची घ्यावीत, मे महिन्याची मेशी आणि जानेवारीची जानेवारीशी. त्यातही मे महिन्याचे चित्र अवश्य पाहावे. दलाल जमीन दाखवायला ऑक्टोबरात नेतो, आणि ऑक्टोबरात मावळात कातळसुद्धा हिरवा असतो. ट्रस्टच्या कार्यालयातील संगणकावर पुढील चार रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत ही चित्रे पाहण्याची व्यवस्था करण्यास विश्वस्तांनी संमती दिली आहे. ज्यांना आपली जमीन पाहायची असेल, त्यांनी सातबाऱ्याचा उतारा व गट नकाशाची प्रत सोबत आणावी.